सात आडवा

माझं डोकं लवकर तापतं. आमच्या गल्लीत दूधवाल्यापासून वीजबिलवाल्यापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक आहे, तेव्हा तुमच्यापासून लपवण्यात काही अर्थ नाही. पण २००६ साली, होळीच्या आधीपासून पुढचे काही महिने, मी घरात एकदाही आवाज चढवला नाही. घाबरलेली बाई भांडत नाही, हे मला तेव्हा कळलं.

आमचं घर अकोल्यात, जुन्या शहरात. मी साड्यांना फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. लेक पौर्णिमा अमरावतीला दिलेली. यांचं नाव सहदेव. लिहिताना घेते, तोंडानं नाही. हे बावीस वर्षं एका जिनिंग कारखान्यात ग्रेडर होते. कापसाची गाडी आली की हात घालून मूठभर काढायचा, अंगठ्यांत धरून धागा ओढायचा आणि माल कोणत्या प्रतीचा ते सांगायचं. यांनी एकदा प्रत सांगितली की मालकसुद्धा वाद घालत नसे. दोन हंगामांपूर्वी त्या जिनिंगला कुलूप लागलं. आधी हे काम शोधत फिरले. मग फिरणं थांबलं, आणि मग बोलणं. भांडण नाही, रुसवा नाही. वाढलं तर जेवायचे, भाजीत मीठ नसलं तरी जेवायचे. मी एकदा मुद्दाम विसरून पाहिलं होतं.

त्या वर्षांत पेपरच्या पहिल्या पानावर रोज जीव दिलेल्या शेतकऱ्यांचा आकडा असायचा. या महिन्यात इतके, या जिल्ह्यात इतके. आम्ही काही शेतकरी नव्हे, आमच्याकडे वीतभर वावर नाही. पण बातमीच्या शेवटी कोणाची तरी बायको नाहीतर शेजारी एकच गोष्ट सांगायचे: काही दिवसांपासून बोलत नव्हते. ते मी दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवसापासून मी यांच्या आधी उठून पेपर उचलायला लागले. पहिलं पान काढून शिलाई मशीनच्या पेटीत दडवायचं, बाकीचा पेपर यांच्या पुढ्यात ठेवायचा. टीव्ही बिघडला होता, तो बिघडलेलाच राहू दिला. पहिलं पान कुठं गेलं असं यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी आनंदानं शिव्यासुद्धा खाल्ल्या असत्या.

रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर गूढ शब्दकोडं यायचं. एका रविवारी पाहिलं तर हे त्या पानावर अर्धा तास नजर लावून बसलेले. लिहीत काही नव्हते, पण पाहत होते. दोन वर्षांत यांनी कशाकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं. हे आंघोळीला गेले तसं मी ते पान ओढलं. पहिलीच ओळ अशी होती: 'गरीब माघारी वळला, तर पाणी वाहते (२).' माझं डोकंच सटकलं. इथं माणसं जीव देत आहेत आणि पेपरवाल्यांना गरिबाची थट्टा सुचते! पान तसंच हातात घेऊन मी ताहेरभाईंचं दुकान गाठलं.

ताहेरभाई यांचे शाळेपासूनचे दोस्त. जुन्या कापड बाजारात त्यांचं पुस्तकं बांधायचं दुकान आहे. रविवारी अर्धा दिवस उघडं ठेवतात, आणि तो अर्धा दिवस खळ, चहा आणि हे कोडं यांतच जातो.

"हे काय लिहून राहिले हो हे लोक?" मी पान त्यांच्यापुढे आपटलं.

"गुस्सा कायले करता, भाबी? हा गरीब खरा गरीब नाही. त्याले दुसरा शब्द सांगा."

"कंगाल."

"घरं दोनच हायेत. दोन अक्षरी पाहिजे."

"दीन?"

"बराबर. आता त्या दीनाले माघारी फिरवा. शेवटचं अक्षर पहिलं घ्या."

मी बोटानं पाटीवर लिहावं तसं हवेत लिहिलं. "नदी!" असं ओरडले की समोरच्या बोहरी दुकानातला माणूस बाहेर डोकावला.

ताहेरभाई हसले. म्हणाले, "प्रत्येक ओळीत दोन गोष्टी राहतात. एका टोकाले सरळ अर्थ, कधी सुरुवातीले, कधी शेवटी. उरलेल्यात तो शब्द कसा बनवाचा ते सांगितलं असते. आणि वाचताना जी कहाणी दिसते ना, ते पूरी झूठ. कहाणीत गुतला तो बसला. तुमी गरिबाच्या दुःखात गुतल्या."

पुढची ओळ होती: 'जीभ उलटली, की तिला हेच हवे (२).' मी कहाणीत न गुंतता जीभ उलटी केली. भजी! ही माझी स्वतःची, कोणी न सांगितलेली. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला दोन अक्षरांनी इतका आनंद व्हावा, हे सांगायला जरा लाज वाटते, पण झाला खरा.

त्याच आनंदात मला युक्ती सुचली. ताहेरभाईंना मी राहिलेली सगळी उत्तरं एका चिठ्ठीवर लिहून द्यायला लावली. त्यांना म्हटलं, "मले येत नाही असं मी घरी दाखवीन. हे मोठ्यानं वाचत बसीन. याइले राहवलं नाही पाहिजे."

"आणि सहदेवनं ओळखलं तं?"

"ज्या माणसाले मीठ नसलेलं ओळखू येत नाही, तो हे काय ओळखन?"

घरी येऊन मी मशीनजवळ बसले, यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं. "जीभ उलटली... आता जीभ उलटली तं डॉक्टर पाहिजे, दुसरं काय? औषध लिहू का? पण घरं तं दोनच हायेत." वीस मिनिटं मी अशी बडबडत होते. डॉक्टर झाला, औषध झालं, लिंबू लिहून खोडलं. शेवटी मलाच माझा कंटाळा आला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"भजी."

न विचारता बोललेला तो यांचा किती महिन्यांतला पहिला शब्द होता, मला मोजता येणार नाही. मी मान वळवली नाही. वळवली असती तर रडले असते. "असं कसं?" एवढंच विचारलं, आणि यांनी सांगितलं, नीट सांगितलं. संध्याकाळी मी कांद्याची भजी केली. यांनी दोनदा मागून घेतली.

मग दर रविवारी हेच सुरू झालं. सकाळी बाजाराच्या निमित्तानं ताहेरभाईंकडे, चिठ्ठी मशीनच्या पेटीत, आणि दहा वाजता माझा मूर्खपणा. हे हळूहळू पलंगावरून उठून मशीनशेजारच्या स्टुलावर बसायला लागले. आम्ही चुकायचो खूप. आलू लिहून बसलो की एक घर उरायचं, तेव्हा लक्षात यायचं की कोडं घालणाऱ्याच्या घरी त्याला बटाटा म्हणतात. असं झालं की हे नाकातून हसायचे. तेवढ्या हसण्यावर माझा आठवडा निघायचा.

गंमत म्हणजे खोटं खोटं शिकता शिकता मी खरंच शिकत होते. एकदा पौर्णिमाकडे जाताना अमरावतीच्या एसटीत पुरवणीचा जुना अंक हातात होता. बडनेरा यायच्या आत मी एकटीनं अकरा शब्द सोडवले आणि शेजारच्या अनोळखी बाईला एकेक समजावून सांगितला. ती बिचारी पुढच्या थांब्यावर उतरून गेली. ताहेरभाईंनीही उत्तरं देणं बंद केलं. ते फक्त म्हणायचे, "हा उलटा आहे," "हा दोन तुकड्यांचा आहे," आणि चहा पीत माझ्या तोंडाकडे बघायचे. एकदा म्हणाले, "भाबी, हे झूठ किती दिवस चालवसान?"

"त्याइनं बोलत राहावं, तेवढे दिवस," मी म्हटलं.

चैत्रातल्या एका रविवारी सात आडवा असा होता: 'कशासाठी, फळा साफ कर, मग शेतातले पांढरे दिसेल (३).' मी ताहेरभाईंच्या आधी सोडवला. का आणि पूस, मिळून कापूस. सोडवला आणि घरं न भरताच पान घडी करून पिशवीत घातलं. जिनिंग बंद झाल्यापासून आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारला नव्हता. घरी वाचताना मी सहा आडव्यावरून थेट आठ आडव्यावर गेले. यांनी मान वर केली, क्षणभर माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली. मला वाटलं, लक्षात आलं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी यांचं काहीतरी बिनसायला लागलं. 'एक मळकट चादर झटकली, आत फूल (३).' इतकं सोपं. एक मळकट हे शब्द सलग वाचले की मधोमध कमळ बसलेलं दिसतं. हे म्हणाले, "मोगरा." मी म्हटलं, थांबा, पेन्सिल बोथट झाली. स्वयंपाकघरात जाऊन विळीवर टोक काढलं, परत आले आणि सहज सुचल्यासारखं कमळ म्हटलं. त्याच्या पुढच्या रविवारी 'टपाल उलटे आले आणि डोंगराच्या टोकाशी थांबले (२)' याला यांनी घाट सांगितलं. डाक उलटी केली की कडा होतो, हे या माणसाला आता कळू नये? मी पुन्हा पेन्सिलीला टोक करायला गेले. मनात म्हटलं, डोकं पुन्हा मिटत चाललं की काय.

तिसऱ्या रविवारी वेल उलटी टांगायची होती. लता, म्हणजे ताल. हे म्हणाले, "ठेका." मी विळीवर पेन्सिल घासून परत आले तर स्टूल रिकामं. चपला नव्हत्या. दार सताड उघडं.

आधी मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले. मग संडासाकडे, मग पाण्याच्या टाकीकडे. अर्ध्या तासानं मी ताहेरभाईंच्या दुकानात होते. हे घरात नाहीत, एवढंच मी म्हटलं. त्यांनी हाताची खळ पुसली. शटर ओढलं, लुना काढली. आम्ही जिनिंगच्या फाटकापर्यंत गेलो. चौकीदार म्हणाला, इकडे कोणी आलं नाही. रेल्वेच्या रुळांकडे गेलो. परत येताना मोर्णा नदीच्या पुलावर ताहेरभाईंनी लुना थांबवली. मी डोळे मिटून घेतले आणि त्यांना म्हटलं, "तुमीच पाहा."

त्यांनी वाकून पाहिलं. "कोणी नाही, भाबी. पाणीच नाही तं."

घरी आलो तर हे घरात होते. खाली बसले होते, फरशीवर. मशीनची पेटी उघडी. पुढ्यात मी दडवलेली सगळी पहिली पानं, तारखेप्रमाणे लावलेली. बाजूला ताहेरभाईंच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या, त्याही एकावर एक. ताहेरभाई दारातच थांबले. आमच्या दोघांकडे एकदा पाहून परत गेले.

"कुठी गेले होते तुमी?" मी विचारलं.

"शार्पनर आणाले." यांनी खिशातून लाल प्लास्टिकचं शार्पनर काढून पानांवर ठेवलं. "तुही पेन्सिल दर रविवारी बोथट होते ना. इकडची दुकानं बंद होती, पार जयहिंद चौकात गेलो. आलो तं तू नाही. म्हटलं मशीनच्या पेटीत ठेवून देतो. तं हे निघालं."

मी खाली बसून चिठ्ठ्या उचलायला लागले.

"गाडीतला वरचा माल पाहून ग्रेड देत नसतात, वच्छला. तीन जागी हात घाला लागते. वरून, मधातून, बुडातून. तिन्ही जागी एकच माल निघाला, तवाच बोलाचं. तुले तीन डाव मुद्दाम चुकीचं सांगितलं. ज्याले येत नाही तो चुकीचं बी लिहून टाकते. तू तिन्ही डाव उठून गेली. ज्याले उत्तर ठाऊक हाये, तोच असा थांबते."

"कवापासून समजलं?"

"तू सात आडवा गाळला तवा शंका आली. काहून गाळला वं? बावीस वर्षं कापसात हात घातला म्या. त्या शब्दानं मरतो का मी?"

मरतो. हा शब्द मी तीन महिने यांच्या नजरेआड ठेवला होता. पहिल्या पानांबरोबर पेटीत कोंबला होता. यांनी तो सहज उचलून फरशीवर ठेवला. मग माझा बांध फुटला. तीन महिन्यांची सगळी भांडणं एकदम बाहेर आली.

"मंग बोलत काहून नव्हते? दोन वर्षं! भिंतीशी तरी बोलाचं! रोज सकाळी उठून पहिले तुमचा श्वास पाहून राहिली मी. तुमी संडासात गेले तं बाहेर उभी राहून राहिली. या सगळ्या बायका पेपरात तेच सांगतात, बोलत नव्हते, बोलत नव्हते. उद्या मीच तेच सांगत बसली असती तं?"

शेजारच्या माणिकबाईंनी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. हे पानांच्या कडा जुळवत बसले. मला वाटलं झालं, पुन्हा दार बंद. मग हळूच म्हणाले, "भेली होतीस?"

"हो."

"मी बी भेलो होतो." यांनी शार्पनर उचललं, बोटांत फिरवलं. "दुसऱ्या कोणाले नाही. मलेच. एक-दोन डाव आलं मनात. तुले सांगितलं असतं तं तू अजून भेली असती, म्हून नाही बोललो. मंग न बोलाची सवय लागली. मंग तू ते येड्यासारखं वाचाले लागली. रविवारी एखादं घर रिकामं राहिलं का सोमवारी बी डोक्यात राहे, मंगळवारी बी. तेवढ्यात दुसरा रविवार येऊन जाये."

मी रडत होते. यांनी मला थांबवलं नाही, समजूतही घातली नाही. थोड्या वेळानं एक पान माझ्यापुढे सरकवलं. "हा नत्थुजी. बार्शीटाकळीकडचा. दर हंगामात माह्याकडेच गाडी आणे. मार्चात गेला. मले कोणी सांगितलं नाही. त्याच्या घरी भेटाले बी गेलो नाही मी."

ती माझी चूक होती. मी यांना सांभाळता सांभाळता यांचं दुःखही यांच्यापासून चोरलं होतं. मी तसं म्हटलं. यांनी नुसती मान हलवली.

मंगळवारी हे बार्शीटाकळीच्या बसमध्ये बसले. जिनिंग बंद झाल्यापासून गाव सोडून कुठं गेले नव्हते. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले. दिवसभर माझं मशीनवर लक्ष नव्हतं, दोन ब्लाउजच्या बाह्या उलट्या लावल्या. दिवे लागायच्या आत हे परत आले. नत्थुजीच्या बायकोला, सुंदराबाईंना भेटले होते. घरात उरलेला थोडा माल व्यापारी पडत्या भावात मागत होता. यांनी हात घालून पाहिलं, प्रत सांगितली, व्यापाऱ्यासमोर उभे राहिले आणि त्याला नीट भाव द्यायला लावला. हे सगळं मला चपला काढता काढताच सांगितलं. त्या गावातल्या आणखी दोन घरांनी यांना बोलावलं होतं. पुढच्या आठवड्यात जायचं म्हणाले.

रविवारी मी ताहेरभाईंकडे गेले नाही. चिठ्ठी नाही, नाटक नाही. दहा वाजता दोघं मशीनजवळ बसलो, आणि त्या दिवसाचं कोडं असं काही अवघड निघालं की साडेअकरापर्यंत आमची चार घरंसुद्धा भरली नाहीत. मला खरंच येत नव्हतं. यांनाही येत नव्हतं. पण हे बोलत होते. एका ओळीत बैल होता, तर यांना नत्थुजीच्या बैलजोडीची आठवण झाली. ती जोडी फाटकापाशी कशी अडायची, एकदा तिनं मालकाच्या मोटारीला कसं ढकललं, मग मोटार कोणत्या गॅरेजात गेली, त्या गॅरेजवाल्याचा भाऊ आता कुठं असतो. मला बारा उभा अगदी सुचत आला होता. पहिलं अक्षर सापडलं होतं, दुसरं जिभेच्या टोकावर होतं, आणि इकडे गॅरेजवाल्याच्या भावाचं लग्न लागत होतं.

"गप्प बसा ना हो जरा!" मी ओरडले.

ओरडले आणि काय बोलले ते माझ्या कानांनी ऐकलं. पेन्सिल हातातच राहिली. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे पाहिलं. मला तोंडावर हात दाबून धरावा लागला, रडायचं की हसायचं ते ठरेना. हे मात्र मोठ्यानं हसले, पार खोकला येईपर्यंत. मग पाणी प्यायले, स्टूल जरा जवळ ओढलं, आणि गॅरेजवाल्याच्या भावाच्या लग्नात पुढं काय झालं ते सांगायला लागले.